वाहवा झाली की मी थांबायचो

आमच्या वाडीत गाणाऱ्याला कुणी वाहवा करत नसे. केली असती तर म्हाताऱ्यांनी त्याला उठवून बाहेर घालवलं असतं. आमच्याकडे गाणं व्हायचं ते देवीच्या जागराला. ऐकणाऱ्यानं मान खाली घालायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघणंसुद्धा वाईट समजत. गाणं चालू असताना कुणी बोललाच, तर त्याचा अर्थ एकच, की काहीतरी चुकलं. पद मागेपुढे झालं असेल, दिवा विझायला आला असेल, नाहीतर देवीलाच ते नको असेल. मग गाणाऱ्यानं तिथल्या तिथे थांबायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि कुणी म्हातारा 'चालू दे' म्हणेपर्यंत वाट बघायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घास तोंडात घालायचा, कानात नाही, हे तरी कोण शिकवतं?

हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्नरच्या त्या संध्याकाळी तिथल्या एकाही माणसाला हे ठाऊक नव्हतं, आणि सगळ्या जगात असंच असतं असं मी धरून चाललो होतो. दोन्हीकडून अडाणीपणा सारखाच. फक्त त्यांचा अडाणीपणा रेशमी फेट्यातला होता, म्हणून तो कुणाच्या लक्षात आला नाही.

वाडी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, पार डोंगराच्या पोटात. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई, आणि उन्हाळ्यात रानातला हिरडा गोळा करायचा. हिरडा वाळवून, पोती पाठीवर घेऊन आम्ही जुन्नरला न्यायचो. तिथे एक मुसलमान शेठ हिरड्याचे मोठे व्यापारी होते. त्यांच्या वखारीच्या अंगणात मापाची वाट बघत बसावं लागे. त्या वर्षी मी एकवीस-बावीस वर्षांचा होतो. लग्न झालेलं होतं, मिसरूड चांगलं फुटलेलं होतं, आणि बसल्याबसल्या गुणगुणायची खोड काही गेली नव्हती. त्या दिवशी अंगणात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जरा मोकळ्या गळ्यानं म्हणायला लागलो.

वखारीच्या ओसरीवर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. ते जुन्नरचे सारंगीवाले खाँसाहेब. पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या गवयांबरोबर त्यांची सारंगी वाजलेली, हे मला मागाहून कळलं. माझं गाणं संपेपर्यंत ते गप्प बसले, एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, अरे, हे आपल्यातले दिसतात. एवढ्या मोठ्या माणसानं एवढा मान दिला म्हणून माझी छाती भरून आली. नंतर कधीतरी ते स्वतःच हसत म्हणाले की त्यांच्या तोंडात तंबाखूचं पान होतं, आणि थुंकायला उठले असते तर मी पळून गेलो असतो.

पान थुंकून ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बेटा, पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. तोवर त्यांनी दुसरं पान लावलं होतं.

शेठजींच्या घरी एक रिवाज होता. हिरड्याचा हंगाम उरकला की ते दहा-बारा रसिकांना संध्याकाळी जेवायला बोलवत. पुण्याहून एक नामांकित गवईबुवा येत आणि खाँसाहेब सारंगी धरत. जेवणानंतर आधी एखाद्या नव्या, कुणी न ऐकलेल्या माणसाला गायला बसवायचं आणि मग बुवांनी गायचं. नवा माणूस आणायची पाळी एक वर्ष बुवांची, एक वर्ष खाँसाहेबांची. शेवटी पानाचं तबक फिरे. नवा गळा पसंत पडला, तर बुवा तबकातला विडा उचलून आपल्या हातानं त्याला देत, आणि तसा विडा मिळाला की बुवा त्याला शिकवायला पुण्याला नेत. नाही पसंत पडला, तर त्यानं इतरांसारखा तबकातला विडा घ्यावा आणि घरी जावं. यातलं विड्याचं मला कुणी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, एवढं तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

यंदा खाँसाहेबांची पाळी होती, आणि त्यांनी मला यायला सांगितलं. मी घरी येऊन बापाला सांगितलं. बाप राब भाजायच्या तयारीत होता, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजायच्या. त्यानं हातातली कवळी, डहाळ्यांचा भारा, खाली ठेवली.

"पुण्याला जाऊन काय करशील?" त्यानं विचारलं.

"शिकीन."

"काय शिकशील? येतंय की तुला."

मग तो म्हणाला, "ये जाऊन एक डाव. ठिवून घेतलं तर ऱ्हा तिकडं, मी न्हाई म्हननार न्हाई. पन न्हाई घेतलं, तर पुन्यांदा गान्याचं नाव काढायचं न्हाई. घरात दोन मानसांचं काम एक मानूस करतोय, आन् दुसरा तोंड वर करून सूर लावतोय, हे लई दिस चालायचं न्हाई." बाप एकदा बोलला की बोलला. म्हणजे माझं सगळं गाणंच त्या एका जेवणावर टांगलं होतं.

शेठजींच्या घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, आणि तिथपासून माझ्या गोंधळाला जी सुरुवात झाली ती काही थांबेचना. पहिला प्रश्न, बसायचं कुठं? बुवा ब्राह्मण, त्यांचा स्वयंपाक मागच्या अंगणात वेगळा, सोवळ्यात. गावातल्या हिंदू व्यापाऱ्यांची पंगत पुढच्या चौकात, त्यांच्यासाठी ब्राह्मण आचारी आणलेला. शेठजींची माणसं आतल्या घरात. मी यातला कोणीच नव्हतो. एकानं मला चौकाकडे नेलं, दुसऱ्यानं तिथून उठवलं, आणि शेवटी मला ओट्यावर एकट्याला पाट मांडून दिला. ते बघून खाँसाहेब आपलं ताट घेऊन आले आणि दाराच्या आत, उंबऱ्याला लागून बसले. मी उंबऱ्याबाहेर, ते आत. जेवण एकत्र नाही आणि वेगळंही नाही. कुणाला काही बोलता आलं नाही.

माझ्या पानात पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. अशी पोळी मी लग्नातसुद्धा खाल्ली नव्हती. पण मला गायचं होतं, आणि आमच्याकडे पोटात अन्न घालून देवीपुढे गात नाहीत. मी पानाला नमस्कार करून हात जोडून बसलो. शेठजी विचारपूस करायला बाहेर आले आणि त्यांचा चेहरा पडला.

"का रे, आमच्या घरचं चालत नाही? आचारी ब्राह्मण आहे."

"न्हाई, तसं न्हाई. गायचं हाये," मी म्हणालो.

"मग खा की! गायला ताकद नको?"

मी पुन्हा म्हणालो, गायचं आहे. त्यांनी खाँसाहेबांकडे बघितलं, खाँसाहेबांनी खांदे उडवले. शेठजी आत गेले ते जरा दुखावलेच. मला कळेना की एवढं सरळ सांगितल्यावर यांना वाईट का वाटावं. पोळी गार होत होती आणि तिचा वास नाकात जात होता.

दिवे लागले आणि सगळे दिवाणखान्यात बसले. बुवा लोडाला टेकून बसले होते. गोरे, भरदार, कानात भिकबाळी. खाँसाहेबांनी सारंगी मांडीशी घेतली आणि माझी ओळख करून दिली. कुठली कुठली विशेषणं लावली, ती अर्धी मला कळलीच नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हं, बेटा."

मी डोळे मिटून देवीचं पद धरलं. पहिली ओळ झाली, दुसरीला आवाज वर चढला, आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "वा!"

मी थांबलो. हात मांडीवर ठेवले. काय चुकलं असेल? समया नीट तेवत होत्या. पद तर बरोबर होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. बुवा म्हणाले, "म्हणा, म्हणा." म्हणजे परवानगी मिळाली. मी पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्याच जागेवर आलो आणि या वेळी तिघं-चौघं एकदम बोलले. शेठजींनी तर मांडीवर थाप मारली. मी पुन्हा थांबलो.

तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मी रडायच्या बेतात होतो. ती एकच जागा यांना एवढी का टोचते? ती तर माझी सगळ्यात चांगली जागा होती. वाडीत तिथे म्हातारी माणसं मान इतकी खाली घालायची की कपाळ गुडघ्याला लागायचं.

"अहो, मध्येच थांबता का?" बुवांनी विचारलं.

"तुमी लोकं बोलला म्हनून," मी म्हणालो.

सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, पण मला ते चांगलंच लागलं. खाँसाहेबांनी हात वर केला आणि म्हणाले, "पोरगा बुजरा आहे. आवाजानं बिचकतो. सगळ्यांनी मेहेरबानी करून गप्प बसा." बिचकतो म्हणे! रानात वाघाच्या आवाजाला न बिचकणारा मी. पण सगळे गप्प बसले, आणि तेवढं मला पुरेसं होतं. मी पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. ती जागा आली आणि गेली. कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, आता पटलं यांना. पोटात अन्नाचा कण नव्हता, तरी पोट भरल्यासारखं वाटत होतं. बुवा मान हलवत होते, आणि मला पुण्याचा रस्ता दिसायला लागला होता.

मग बुवा गायला बसले, आणि मला समोरच बसवून घेतलं. नव्या माणसाचा कान ते असाच पारखत असत, हेही मला मागाहूनच कळलं.

त्यांनी काय गायलं त्याचं नाव आज मला माहीत आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. शब्द थोडे, आणि त्या थोड्या शब्दांत ते कितीतरी वेळ हिंडत राहिले. मी मान खाली घातली. एकदा ते फार वर गेले, तिथून उतरत उतरत खाली आले आणि एका सुरावर असे टेकले की आता उठणारच नाहीत असं वाटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमच्या पदात वर जायचं ठाऊक होतं. खाली येऊन असं बसता येतं, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. असं वाटलं की हे शिकलो नाही तर मी जगून तरी काय करणार.

आणि नेमके तेव्हाच शेठजी ओरडले, "क्या बात है!"

आता बुवा थांबणार. पण बुवा थांबले नाहीत, उलट हसले आणि पुढे गेले. दुसरा कुणी बोलला, तिसरा बोलला. मला काही समजेना. एवढ्या मोठ्या माणसाचा हे लोक तोंडावर अपमान करतात, घरचा यजमानच करतो, आणि हा माणूस हसत गातो? माझ्या शेजारी एक कापडाचे व्यापारी होते. त्यांनी हात उडवून "वाहवा!" केलं, तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांचा गुडघा दाबला आणि म्हणालो, "गप बसा की, राव."

त्यांनी गुडघा मागे ओढला. शेठजी पुन्हा तोंड उघडायला लागले, तेव्हा मी त्यांच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. हिरड्याच्या मापासाठी ज्यांच्या दारात बसायचो, त्या शेठजींना मी गप्प केलं. मी बुवांसाठी कुणाशीही भांडलो असतो. तेवढ्यात वर बघितलं तर बुवा माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांचं हसणं गेलेलं होतं. मी लगेच मान खाली घातली, आणि गाणं संपेपर्यंत मूग गिळून बसलो, हललोसुद्धा नाही.

तबक फिरलं. एका गड्यानं ते माझ्यापुढे धरलं आणि मी विडा घेतला. इतरांनीही घेतला होता, आणि माझ्या मनात आलं, यांच्या बरोबरीनं मलाही विडा मिळाला, म्हणजे पसंत पडलो. खाँसाहेबांना विचारलं, "सकाळच्याला किती वाजता निघायचं?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता आत गेले. ते बोलले नाहीत म्हणून मी आणखीच खूश झालो.

सकाळी आंघोळ करून, गाठोडं घेऊन मी टांग्याजवळ उभा राहिलो. बुवा आले आणि टांग्यात चढले. माझ्याकडे बघून शेठजींना म्हणाले, "आवाज देवानं दिलाय, पण याला ऐकायला येत नाही. काल याच्यापुढे गायलो ते गाढवापुढे वाचली गीता." टांगा नारायणगावच्या रस्त्याला लागला आणि मी गाठोडं घेऊन तिथेच उभा.

खाँसाहेबांनी मला पायरीवर बसवलं आणि विड्याचा सगळा रिवाज सांगितला. मग जरा चिडूनच म्हणाले, "अरे, नुसता दगडासारखा बसलास. वर लोकांना गप्प करतोस! बुवांना वाटलं, याला आपलं गाणं आवडलं नाही."

"लई आवडलं म्हनून तर गप बसलो," मी म्हणालो. "तुमचे शेठच बोलत व्हते मधी मधी."

"ते तारीफ करत होते!"

"तारीफ करायची तर बोलतील कशाला?"

खाँसाहेब पायरीवर माझ्याशेजारी टेकले. मग त्यांनी हळू विचारलं, "काल तू थांबत होतास ते..." आणि मी वाडीतली रीत सांगितली. सांगता सांगता मलाही उलगडत गेलं, की 'वा' म्हणजे चुकलं नव्हे, 'वा' म्हणजे बरोबर. त्यांनी कपाळाला हात लावला. मी गाठोडं तिथेच टाकलं आणि पळत सुटलो.

डोंगरातला माणूस मैदानात पळताना काय दिसतो ते मला ठाऊक नाही, पण बाजाराला निघालेल्या बायका थांबून बघत होत्या. डोक्यात एकच होतं. टांगा गाठायचा आणि राहिलेलं बोलून टाकायचं. वाटेत एका विहिरीपाशी टांगेवाल्यानं घोड्याला पाणी दाखवायला टांगा थांबवला होता. बुवा आत बसून सुपारी कातरत होते. मी धापा टाकत त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "वा."

बुवांचा अडकित्ता हातातच राहिला.

"वा, बुवा," मी पुन्हा म्हणालो. "वाहवा."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांना वाटलं, हे डोंगरातलं कार्टं पाठलाग करून आपली टिंगल करतंय. "चालता हो," ते म्हणाले. आता आली का पंचाईत! बोललो नाही तरी राग, बोललो तरी राग. मला काही कळेनासं झालं. एवढंच कळत होतं, की आता माघारी वळलो तर बाप विचारेल, मी नाही म्हणेन, आणि मग जन्मभर तोंड मिटून राहायचं. मी खाली धुळीत बसलो आणि आमच्याकडे काय करतात, बोललं की का थांबतात, मान का घालतात, ते सगळं वेडंवाकडं सांगितलं. निम्मं रडत सांगितलं. खरं वाटलं की नाही, बुवांच्या तोंडावरून काही समजेना.

मग अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "काल मान खाली घातलीस, ती कोणत्या जागेला?"

मला जागांची नावं येत नव्हती. म्हणून म्हणून दाखवायला लागलो. धावून छाती फुटायला आली होती, आवाज फाटत होता. वर गेलो, तिथून उतरत आलो, आणि जिथे ते टेकले होते तिथे टेकायला बघितलं. टांगेवाला बादली धरून ऐकत होता. तो म्हणाला, "वा, राव!"

मी थांबलो. आत्ताच 'वा'चा अर्थ शिकलो होतो, आत्ताच तो बुवांना समजावून सांगितला होता, तरी थांबलो. हात मांडीवर गेले. अंगात मुरलेलं असं एका सकाळीत जात नाही.

बुवांनी माझे हात बघितले. मग ते टांगेवाल्याला म्हणाले, "तू बोलू नकोस. तो थांबतो."

आणि मला म्हणाले, "चुकलास. शेवटी घाई केलीस. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं आणि पुन्हा चुकलं. टांगेवाल्यानं लगाम हातात घेतला. मला ठेवून घेतलं की नाही, हे कुणीच सांगेना, आणि विचारायची छाती होईना. टांगा हलायच्या बेतात होता. तेव्हा बुवांनी समोरच्या बैठकीवर पसरलेले आपले पाय आत ओढून घेतले, आणि तिथे एका माणसापुरती जागा झाली.